सर्जेरावांचं दुसरं घर

अंथुर्ण्याच्या सर्जेरावांची एक फुशारकी होती. "माझ्या पोटात गेलं ते विहिरीत गेलं!" असं ते चारचौघांत मिशीवरून हात फिरवून सांगत. आता मनातलं मोठ्यानं बोलायची खोड असलेल्या माणसानं असं म्हणावं, ही कमालच की नाही?

लेकीच्या, म्हणजे रतनच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, म्हणून मोठी पातेली काढायला ते माळ्यावर चढले आणि उतरले ते काखेत एक पेटी मारून. लहानपणी मामानं पुण्याहून आणलेल्या, खेळातल्या लाकडी विटा! तांबड्या, पिवळ्या, हिरव्या. वर खांब आणि कमानी. चाळिशी उलटलेल्या, सोसायटीत मान असलेल्या त्या माणसाचे हात शिवशिवले. एकदाच रचून बघू, म्हणून त्यांनी चार विटा रचल्या आणि कामातून गेले! रोज दुपारी विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत शिरायचं, आतून कडी घालायची आणि बंगले बांधायचे.

जिवाला घोर होता तो वेगळाच. रतनला मागणं आलं होतं जळोचीच्या रावजी आबांच्या घरून. आबा म्हणजे भारदस्त माणूस, नुसते खोकले तरी लोक उठून उभे राहत. नवरीचा बाप खेळणी खेळतो हे त्यांच्या कानावर गेलं, तर सोयरीक मोडलीच म्हणायची! या धास्तीनं सर्जेरावांना घास गोड लागेना. पण नादही सुटेना.

एके दुपारी शेजारची छबूबाई बांधावर गवत कापत होती. खोलीतून सर्जेरावांचा लाडिक आवाज आला.

"तांबडे, तू हितं बस बघू. अगं, सरक की जरा! आस्सं! पिवळे, तू थांब. तुला मागनं घेतो."

छबूबाईचा विळा हातातच राहिला. तेवढ्यात आत काहीतरी धडाधड कोसळलं.

"पयलं घर मोडलं तर मोडू दे! दुसरं घर ह्याच्यापरीस झ्याक करतो!"

मराठीत वीट ही बाईमाणूस आहे, यात बिचाऱ्या सर्जेरावांचा काय दोष? पण छबूबाईला हे कोण सांगणार? दिवेलागणीपर्यंत साऱ्या गावात झालं, सर्जेरावांनी दुसरा घरोबा केला! तांबडी म्हणजे गोरी आणि पिवळी म्हणजे नुकतीच हळद लागलेली, असे अर्थसुद्धा लावून झाले!

सर्जेरावांच्या बायकोनं, ठमाबाईनं, नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त भाकरी अशी थापायला लागली, की परात घाबरावी. हिला विटा सापडल्या की काय, या भीतीनं सर्जेरावांनीही तोंड उघडलं नाही.

आणि सुपारी फोडायचा दिवस उजाडला. जळोचीचे पाहुणे सतरंजीवर बसले. रावजी आबांनी चहाची बशी न पिताच खाली ठेवली.

"सर्जेराव, येशीपाशी एक गोष्ट कानावर आली. तुमचं म्हनं दुसरं घर हाय?"

फुटलं! आता खोटं बोलून काय उपयोग?

"हाय, आबा. पर तसं बारकंच हाय."

"असं कसं केलं तुमी?"

"नाद लागला, आबा. मामानं आणून दिली पुण्यास्नं."

"मामानं?"

"व्हय. मग इतकी वर्सं माळ्यावरच पडून व्हती."

आतून ठमाबाई कडाडली, "माज्या डोईवर? आन् मला पत्त्या न्हाय!"

"आता कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"इंजिनाच्या खोलीत. भाईरनं कुलूप घालून ठिवतो, कुनी बघू नाय म्हनून."

"कुलूप! आवं, दुसरीवर आता कायदा झालाय!"

"खेळायला बी कायदा झाला?"

"खेळायला!" आबा ताडकन उठले. दाराशी उभ्या रतनला हुंदका फुटला. आता खरंच सगळं मोडतंय, हे लेकीच्या तोंडाकडं बघून सर्जेरावांना कळलं आणि ते किल्ली घेऊन उठले.

वरात निघाली विहिरीकडं. पुढं फुंकणी घेऊन ठमाबाई, मागं पाहुणे, त्यांच्या मागं अर्धं गाव. सर्जेरावांनी दोनदा किल्ली उलटीच घातली. शेवटी दार उघडलं. इंजिनाशेजारी पाटावर एक दुमजली रंगीत घर उभं होतं. ठमाबाईनं इंजिनामागं वाकून पाहिलं.

"कुठं हाय ती तांबडी?"

सर्जेरावांनी मान खाली घालून एक तांबडी वीट उचलून दाखवली!

ठमाबाई आधी रडली, मग पदर तोंडात घालून हसत सुटली. सर्जेराव मात्र आबांकडं बघत होते. आबा खोकले. मग त्यांनी डोईचा पटका काढला आणि घरापुढं फतकल मारली.

"ही कमान नुसतीच उभी ऱ्हाती व्हय?"

"खालचं खांब सारकं पायजेत, आबा."

"सरका तिकडं. बघू!"

घरातला चहा गारढोण झाला. दोन घरं पडली, तिसरं उभं राहिलं आणि तिथंच सुपारी फुटली. सर्जेरावांच्या जिवात जीव आला.

"मानपानाचं कसं, आबा?"

"काय नगं," आबा मान वर न करता म्हणाले. "पोरगी द्या. आन् ही पेटी द्या."

वा, काय दिलदार माणूस, असं सगळे म्हणाले! सर्जेरावांनी पेटी हळूच मांडीखाली ओढली. त्यांनी ठमाबाईकडं पाहिलं.

"दिली म्हना की!" ठमाबाई म्हणाली.

त्यांनी दिली म्हटलं.

पाठवणीच्या वेळी सर्जेराव असे ढसाढसा रडले, की बघणाऱ्यांनाही हुंदके आवरेनात. बापाचा किती जीव हाय लेकीवर, असं म्हणत छबूबाईनंही डोळे पुसले. बैल हलले तरी सर्जेराव गाडीला मागून मारलेली मिठी सोडीनात. शेवटी ठमाबाई जवळ गेली आणि कानात म्हणाली,

"आवं, पोरगी फुडं बसलीया! तुमी पेटीला कवटाळून रडताय!"