दोन माणसांची करवत

मॅग्नेटो ओव्हनमध्ये ठेवायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कुणी विचारलंच नाही.

मॅग्नेटो म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनातला ठिणगी पाडणारा भाग. तो दमट झाला की इंजिन रुसतं. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गिप्सलँडच्या डोंगरांत हिवाळ्यात माणसांनासुद्धा बुरशी धरते, तिथे मॅग्नेटोची काय कथा! अशा वेळी तो मंद आचेवर थोडा भाजावा, असं आम्हा जाणकारांचं मत आहे. (आम्ही जाणकार म्हणजे मी, आणि टपालाने मला जुनी पुस्तकं विकणारे काही म्हातारे.)

मी तो नीट फॉइलमध्ये गुंडाळला, ओव्हनच्या वरच्या जाळीवर ठेवला आणि जरा शेडमध्ये गेलो. माझं ‘जरा’ घरात प्रसिद्ध आहे.

दरम्यान माझी बायको ग्लेनिस स्वयंपाकघरात आली. महिला मंडळाची पावलोव्हा स्पर्धा होती त्या दिवशी. अंड्याच्या पांढऱ्याचा, वरून कुरकुरीत आणि आतून ढगासारखा मऊ असा हा गोड प्रकार ग्लेनिसच्या हातचा खावा. दरवर्षी तिचा दुसरा नंबर येतो. यंदा पहिला आणायचाच, असा तिचा पण होता. तिने ओव्हन उघडला, वरच्या जाळीवर फॉइलची पुरचुंडी पाहिली, ‘नेव्हिलने बटाटा भाजायला ठेवलेला दिसतो’ असं समजली, आणि खालच्या जाळीवर पावलोव्हा ठेवून आच वाढवली.

मॅग्नेटोच्या आत डांबर असतं.

ग्लेनिसची हाक शेडपर्यंत ऐकू आली. मी धावत गेलो तर टेबलावर शुभ्र पावलोव्हा, आणि तिच्या मधोमध काळीकुळकुळीत ओघळती नक्षी.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“फार नाही गळलं गं,” मी मॅग्नेटो हातात फिरवून बघत म्हणालो. “वाचलाय तो.”

आता विचार करतो तेव्हा वाटतं, आधी पावलोव्हाबद्दल बोलायला हवं होतं.

ग्लेनिस ओरडली नाही. तिने एप्रन काढला, घडी घातली. मग म्हणाली, “नेव्ह, शेड भरली तेव्हा मी काही बोलले नाही. व्हरांड्यात गवत कापायची यंत्रं आली, तेव्हाही नाही. पाहुण्यांच्या खोलीत तुझ्या यंत्रांच्या पुस्तिका आल्या आणि पाहुणे यायचे बंद झाले. बाथटबमध्ये पंप आहे.”

“तो तात्पुरता...”

“ईस्टरपासून आहे! मी ईस्टरपासून बादलीने अंघोळ करतेय! मी मर्लकडे चाललेय.”

मर्ल म्हणजे तिची धाकटी बहीण. पलीकडच्या खोऱ्यात एकटी राहते आणि माझा विषय निघाला की “अजून आहे का तो?” असं विचारते.

“किती दिवस?”

“घरात माणसं राहायला लागली की कळव.”

तिने बॅगा गाडीत टाकल्या. मी मागे मागे हिंडत होतो. सकाळपासून वारा सुटला होता, पण ती डिकी लावते आहे तोच असा एक झोत आला की माझी टोपी कुंपणापलीकडे गेली. पाठोपाठ कडाड् आवाज झाला आणि आमच्या फाटकाच्या रस्त्यावर भलीमोठी निलगिरी आडवी झाली. दुसरा रस्ता नाही.

(देव आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. ग्लेनिसलाही वाटलं असावं, कारण तिने वर बघून काहीतरी म्हटलं. ते प्रार्थनेसारखं नव्हतं.)

तिने आपत्कालीन सेवेला फोन लावला. जागोजागी झाडं पडली होती; परवापर्यंत कुणी येणार नव्हतं. शेजारी गुरांच्या बाजाराला गेलेला.

“आपली चेनसॉ आण,” ती म्हणाली.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

“नेव्ह, चेनसॉ कुठे आहे?”

“दिली.”

“कुणाला?”

“त्या बदल्यात पुस्तिका मिळाली ना. त्या मोठ्या करवतीची. अस्सल, तेलाचा एकही डाग नसलेली.”

“म्हणजे चालणारी करवत देऊन तू न चालणाऱ्या करवतीचं पुस्तक आणलंस?”

असं म्हटलं की ते वाईटच दिसतं.

ती मोठी करवत शेडच्या भिंतीवर टांगलेली होती. आजोबांच्या काळातली, दोन माणसांनी चालवायची पेट्रोल करवत. एका टोकाला इंजिन, मध्ये माणसाच्या उंचीची पट्टी आणि साखळी, दुसऱ्या टोकाला मदतनिसाने धरायची मूठ. वजन धष्टपुष्ट मेंढीएवढं. मी ती कधी सुरू केलेली नव्हती. खरं म्हणजे मॅग्नेटो तिचाच होता.

ग्लेनिसने आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग करवतीकडे. “बसव तो तुझा बटाटा,” ती म्हणाली. “मला जायचंय.”

अशा रीतीने माझी बायको मला सोडून जायला रस्ता हवा म्हणून माझ्या मदतीला आली.

करवत आम्ही हातगाडीवर घालून झाडापाशी नेली. मी पुस्तिका उघडली आणि जरा भारदस्त आवाजात वाचलं, “‘मदतनिसाने चालकाच्या सूचना विनातक्रार पाळाव्यात.’”

“चालक कोण?”

“इंजिनाकडचा. म्हणजे मी.”

“बघू ते.” तिने पुस्तिका ओढून घेतली, पान उलटलं आणि वाचलं, “‘दोघांपैकी अधिक बलवान व्यक्तीने इंजिनाच्या बाजूला उभं राहावं.’”

दोघांनीही माझ्या दंडांकडे पाहिलं. मी मुकाट्याने शेपटीकडे गेलो.

तिने दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन पेटलं! (मॅग्नेटो खरपूस भाजला गेला होता, हे तिला तेव्हा सांगावंसं वाटलं, पण आयुष्यात एकदा तरी मी वेळेवर गप्प बसलो.) काय तो आवाज! कुंपणावरचे काकाकुवे उडाले आणि डोंगराच्या मागे गेले. निळा धूर, तेलाचे शिंतोडे, लाकडाचा भुसा. आणि धुरातून ग्लेनिसचा चेहरा. आधी ओठ घट्ट मिटलेले. मग जरा सैल. मग बाई चक्क हसायला लागली!

खोड अर्धं कापून झालं आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. एवढा वेळ मी मन लावून ओढत होतो. पण हे खोड तुटलं की रस्ता मोकळा, आणि रस्ता मोकळा झाला की ग्लेनिस जाणार. मी स्वतःच्या हाताने स्वतःचा संसार कापत होतो. माझे हात आपोआप ढिले पडले.

“ओढ!” ती ओरडली.

“ओढतोय!”

“खोटं बोलू नकोस! या टोकाला सगळं कळतं!”

मी पुन्हा ओढायला लागलो. इतकी वर्षं एका घरात राहून, ती काय म्हणते ते हातांना कळायची ही पहिलीच वेळ होती.

खोड कडकडलं. ग्लेनिस काहीतरी ओरडली.

“काय?”

“...ओड!”

मी जीव खाऊन ओढलं.

“सोड! गाढवा, सोड म्हणतेय!”

मी सोडलं, पण तोवर उशीर झाला होता. तुटलेला ओंडका हलला, जरा विचारात पडल्यासारखा थांबला, आणि उतारावरून घरंगळत निघाला. मला आशा होती की तो गोठ्याच्या भिंतीला अडेल. त्याने वळण घेतलं, माझ्या पिकअपला समोरून गाठलं आणि तिच्या तोंडात जाऊन बसला.

ग्लेनिसने इंजिन बंद केलं. एकदम शांतता. रेडिएटरमधून पाणी गळत होतं, तेवढाच आवाज.

मी तिच्याकडे पाहिलं. तोंड काजळलेलं, केसांत भुसा, डोळे लकलकणारे. लग्नात इतकी सुंदर दिसली नव्हती. (हे बोलून दाखवलं नाही. दिवसभरात दोनदा गप्प बसलो, विक्रमच म्हणायचा.)

“नेव्ह,” ती धापा टाकत म्हणाली, “ही तू नुसती भिंतीला टांगून ठेवली होतीस?”

“हो.”

“लाज नाही वाटत?”

“आता वाटते.” माझ्या मनात आशा पालवली. “पावलोव्हाचं चुकलंच माझं, ग्लेनिस. पंपही आजच काढतो. मग... डिकीतल्या बॅगा काढू का?”

“काढ,” ती म्हणाली.

मी अक्षरशः पळत गेलो. दोन्ही बॅगा बाहेर काढल्या आणि घराकडे निघालो.

“तिकडे कुठे? मागच्या सीटवर ठेव. डिकीत करवत बसवायचीय. मर्लकडे दोन झाडं पडलीत, मघाशी फोनवर म्हणाली.”

मेंढीएवढं ते धूड डिकीत मीच चढवलं. पेट्रोलचा डबा दिला. तेल किती मिसळायचं ते सांगायला गेलो, तर तिने पुस्तिकाच मागून घेतली. तेलाचा एकही डाग नसलेली ती पुस्तिका काळ्या बोटांनी चाळत ती गाडीत बसली आणि मोकळ्या रस्त्याने निघून गेली. तिच्यामागे जायला माझ्याकडे ओंडका खाल्लेली पिकअप होती.

चार दिवसांनी मी फोन केला. पंप काढला, टब घासला, पाहुण्यांच्या खोलीत गादी दिसायला लागली, असं सगळं सांगितलं.

“छान,” ती म्हणाली. “आम्ही शेजाऱ्यांचंही झाड कापलं. मर्ल फार चांगली आहे रे शेपटीला. सोड म्हटलं की सोडते.”

मागून मर्लचा आवाज आला, “अजून आहे का तो?”

ग्लेनिस परत आली, करवतीसकट. आल्यावर तिने टबात दुपारभर अंघोळ केली आणि मग साखळीला धार लावायला बसली. वसंतात आमच्या जुन्या इंजिनांच्या मंडळाचा मेळावा भरला, तेव्हा प्रात्यक्षिकाला ग्लेनिस आणि मर्ल यांचं नाव लागलं. मी मंडळाचा जुना सभासद. माझ्यावरही कामगिरी सोपवली होती. सॉसेजच्या स्टॉलवर कांदा चिरायची. हाताने.

मैदानात करवत गरजली, गर्दी टाळ्या वाजवायला लागली. माझा ऊर भरून आला. समोर एक दाढीवाला गृहस्थ पाव घेऊन उभा होता, त्याला मी सुरीनेच दाखवलं.

“ती इंजिनाकडची बाई दिसतेय ना? माझी बायको.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्यापुढच्या फळीकडे.

“तिला जरा इकडे पाठवा ना,” तो म्हणाला. “कांद्याचे केवढाले तुकडे हे!”