वाळवंटी जलाशयाची निवड

दक्षिण डब्लिनमध्ये चेरीवूडच्या बाजूला राहणारा आमचा मित्र पद्माकर याच्या अंगणात २०११ च्या मे महिन्यात एक जेट-स्की येऊन उभी राहिली. शेजारच्या डेक्लनचा धंदा घरे बांधण्याचा. देशात घरे बांधणेच थांबल्यामुळे तो बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाला आणि जाताना पाण्यावर धावणारी ही मोटारसायकल ट्रेलरसकट पद्माकरच्या स्वाधीन करून गेला. अट एकच होती.

"दर उन्हाळ्यात एकदा तरी हिला पाण्यात फिरव. नुसती उभी राहिली तर इंजिन जाम होईल. तेवढं केलंस की शी'ज ग्रँड."

पद्माकरने शब्द दिला. यंत्र डेक्लनच्या दिवंगत धाकट्या भावाचे होते, अशीही माहिती या वेळी देण्यात आली. पुढील कामकाजाशी तिचा संबंध नसल्याने ती इतिवृत्तात घेतलेली नाही.

ट्रेलर ओढण्याचा हूक आमच्यापैकी फक्त रणजितच्या गाडीला होता. म्हणून पद्माकरने इथल्या मराठी मंडळाच्या ईमेल-गटावर विचारले, "शनिवारी लॉफ डर्ग तळ्यावर जायचं का?" मराठी मंडळींना "जायचं का" असे विचारले असता ती "कुठे जावे" या प्रश्नाचे उत्तर देऊ लागतात, हे त्याने ध्यानात घ्यायला हवे होते. शनिवार उजाडेपर्यंत निवड समिती स्थापन झाली होती. एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रकल्प-व्यवस्थापक असलेला रणजित अध्यक्ष झाला. टॅलाच्या बाजूला राहणारी भूलतज्ज्ञ डॉ. नंदिनी वैद्यकीय सल्लागार झाली. कार्यवाहपद प्रस्तुत लेखकाने, आग्रह झाल्यामुळे, स्वीकारले.

पहिली बैठक रणजितकडे साबुदाणा वड्यांवर झाली.

"लॉफ डर्गच बरं," पद्माकर म्हणाला. "डेक्लन तिथेच न्यायचा."

"डेक्लनचं सोड," नंदिनी म्हणाली. "तो डिसेंबरात हाफ पँटवर फिरतो. तू त्या पाण्यात पडलास की तुला हुडहुडी भरणार, आणि नेमकी मी ऑन-कॉल असणार."

"मी पाण्यात पडणार नाहीये. पाण्यावर बसणार आहे."

"सगळे पेशंट हेच सांगतात."

"आधी क्रायटेरिया फिक्स करू या," रणजित म्हणाला. "मग कुणालाच बोलायला जागा राहणार नाही."

त्यानुसार निकष ठरले. स्थळी पाऊस व गारठा नसावा. लाटा, ओढ, शेवाळ, डास आणि गर्दी नसावी. बुडण्याचा धोका मुळीच नसावा, कारण सदस्यांपैकी कोणालाही पोहता येत नव्हते. वाहनतळ मोफत व जवळ असावा आणि डबे उघडून बसायला ऐसपैस कोरडी जागा मिळावी. हे निकष मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. ते इतके निर्विवाद होते की पद्माकरनेही मान डोलावली.

पहिल्याच निकषाने आयर्लंड हा देश त्याच्या सर्व तळ्यांसह बाद झाला. जेथे पाऊस पडत नाही अशा भूभागाला भूगोलात वाळवंट म्हणतात. सबब समितीने वाळवंटातील नद्या व सरोवरे विचारार्थ घेतली.

"पण ही माझ्या अंगणात उभी आहे," पद्माकर म्हणाला. "वाळवंटात नेणार कशी?"

"ट्रान्सपोर्ट फेज टूमध्ये आहे," रणजित म्हणाला. "तू फेज वनमध्ये राहा ना जरा."

नद्या प्रथम वगळल्या गेल्या. वाहते पाणी तपासणीसाठी एका जागी थांबत नाही, हा आक्षेप प्रस्तुत लेखकाने सविस्तर मांडला व तो खोडून काढणे कोणास जमले नाही. त्यानंतर सरोवरांची छाननी झाली. राजस्थानातला एक तलाव सर्वांना पसंत होता. परंतु तेथवर जाऊन पुण्याला का गेलो नाही, हे दोन्हीकडच्या आईवडिलांना काय म्हणून सांगायचे यावर एकमत होईना. मध्य आशियातले एक सरोवर जेवणामुळे बाद झाले. छाननीत जून गेला, जुलै गेला.

ऑगस्टातल्या एका शनिवारी लख्ख ऊन पडले. पद्माकरने रणजितला फोन लावला.

"आज तुझी गाडी दे. मी एकटा जाऊन येतो."

"अरे, कमिटी चालू असताना तू एकटा गेलास तर लोकांना काय वाटेल?"

"इंजिन जाम होईल रे. मी शब्द दिलाय त्याला."

"म्हणून तर नीट करतोय ना सगळं. आणि हे ऊन काय, दुपारपर्यंत जाईल."

ऊन संध्याकाळपर्यंत टिकले. तोवर समितीची तातडीची बैठक पडदे ओढून सुरू होती, कारण प्रोजेक्टरवरचे तक्ते उन्हामुळे दिसत नव्हते.

सप्टेंबरात निकाल लागला. अमेरिकेच्या वाळवंटातील एका सरोवराला सर्व निकषांत पैकीच्या पैकी गुण मिळाले. तेथे लाट उठल्याची नोंद नाही. डास नाहीत, शेवाळ नाही. कोणी बुडाल्याचे हयात माणसांना आठवत नाही. वाहने तर सरोवराच्या थेट मध्यापर्यंत नेता येतात. टाळ्यांच्या गजरात निवड संमत झाली. पद्माकर तेवढा टाळी न वाजवता घरी गेला.

पुढच्या जुलैत डेक्लन सुट्टीवर आला. येताना तो नवी बॅटरी घेऊन आला होता. त्याने आच्छादन काढले, बॅटरी जोडली, कळ दाबली. एकच ठक्क असा आवाज झाला. त्याने पुन्हा दाबली, तेव्हा तेवढाही झाला नाही.

"कुठल्या पाण्यात फिरवलीस?" त्याने विचारले.

पद्माकर आच्छादन गोळा करू लागला. प्रसंगाचे औचित्य ओळखून, समितीसह हजर असलेल्या रणजितने निवडीचा अहवाल पुढे केला. डेक्लनने मुखपृष्ठावरचे निवडलेल्या सरोवराचे छायाचित्र बराच वेळ पाहिले. भेगाळलेली पांढरी जमीन होती आणि तीवर एक मोटार उभी होती.

"यात पाणी कुठे आहे?"

"पाण्याची रिक्वायरमेंट कुणी दिली नव्हती," रणजित म्हणाला.

डेक्लनने जेट-स्कीच्या बसायच्या जागेवर हात टेकला.

"माझा भाऊ पाऊस आला की मुद्दाम बाहेर काढायचा हिला," तो पद्माकरला म्हणाला, आणि आपल्या भाड्याच्या गाडीकडे गेला. पद्माकर एकटाच आच्छादनाची दोरी पुन्हा बांधत राहिला. ते आता आवश्यक नाही, असे त्याला सांगणे समितीला प्रशस्त वाटले नाही.

या प्रकाराची चौकशी समितीनेच केली. निकष गुप्त ठेवले नव्हते. ते बैठकीत मोठ्याने वाचले गेले होते. प्रस्तुत लेखातही ते जसेच्या तसे दिलेले आहेत, आणि वाचकांनी ते कोणतीही हरकत न घेता ओलांडले आहेत. सबब ही निवड वाचकांसह एकमताने संमत झाली, अशी नोंद कार्यवाहांनी केली आहे. पाण्याची आठवण आपणांस तेव्हाच झाली होती, असे ज्या वाचकांचे म्हणणे असेल, त्यांनी पद्माकर एकटा बोलत असताना आपण गप्प का राहिलो, याचा लेखी खुलासा करावा.