बोरगावकर स्वरूपराव यांणी सीडी-यंत्र हस्तगत केले त्याची हकीकत

श्रीकृपेकरून बेळगाव-निपाणी मुलखींच्या समस्त नाचत्या मंडळींस विदित व्हावे जे, बोरगावी स्वरूपराव म्हणोन डीजेबहाद्दर, कर्ण्यांचे सरदार, शेजाऱ्यांची झोप हरण करणार, नांदत होते. ते मोबाइलावरून गाणी लावीत. एके वरातीत ऐन रंगात गॅस कंपनीचा कानडी संदेश कर्ण्यांतून गर्जला, आणि नवरदेव त्यावरही नाचला; परंतु व्याही बहुत खट्टू जाहले आणि रावांची अब्रू धुळीस मिळाली. मग एक कणकुंबीच्या भावकूआप्पांचे कन्येची वरात तेवढी हाती राहिली. आप्पांनी निक्षून कळविले की, गाणं मधी थांबलं तर परत हिकडं फिरकू नगा.

सीडीस घंटी नाही, संदेश नाही, ऐसा विचार करोन राव पत्नी रचनाबाईसाहेबांसह बेळगावच्या बाजारावर चालून गेले. दुकानदार मोठा मुत्सद्दी. त्याणे एक यंत्र पेश केले, त्यास दिवे इतके की दिवाळीने लाजावे. राव तात्काळ फितूर जाहले. बाईसाहेबांनी फर्माविले, "दिवं जत्रंत लई बघितल्यात. टेम्पोत हादरल्यावर गाणं उड्या मारतंय का, त्ये दावा."

मग यंत्र दुकानातील सर्वांत थोर कर्ण्यावर ठेविले. कर्णा हादरताच ते अडखळले आणि सीमाप्रश्नी पुढारी बोलावा तैसी एकच ओळ वारंवार म्हणू लागले. दुकानदाराने हे नवे रीमिक्स म्हणोन अर्ज केला, आणि राव मान डोलावू लागले, आणि बाईसाहेबांनी ती मान नजरेने जागीच रोखिली. मग कोपऱ्यातील काळे, बेढब, वजनदार यंत्र मागविले. ते अंगभर थरथरले, परंतु सूर सोडिला नाही. बाईसाहेबांनी तेच पसंत केले, आणि राव दुःखी अंतःकरणे विजयी जाहले.

पुढे कणकुंबीस वरात निघाली. टेम्पो खड्ड्याखड्ड्यांत आदळला, गाणे अढळ राहिले, आणि खुद्द आप्पा नाचू लागले. इतक्यात जनरेटर बंद पडला. कर्णे मुके जाहले, वऱ्हाड स्तब्ध उभे राहिले. यंत्र मात्र आपल्या सेलांवर चालतच होते, आणि राव कानांस हेडफोन लावोन, डोळे मिटोन, टेम्पोवर एकटेच हात उंचावून नाचत होते. बाईसाहेबांनी हेडफोन ओढिला.

"गाणं कुटं थांबलंय?" राव बोलिले.

आप्पांनी हेडफोन स्वतःचे कानास लाविला आणि गंभीरपणे निवाडा दिला, "न्हाय, ह्येचं न्हाय थांबलं."

येणेप्रमाणे शर्त पाळिली गेली, यंत्राची फत्ते जाहली, आणि वऱ्हाड पायी, मुकाट्याने, मांडवी दाखल जाहले.