आधी नाव-गाव

विमानातून सगळी माणसं धडाधड खाली उड्या मारतात आणि एकच माणूस आत बसून राहतो, कारण शेजारच्याला त्याने नुकतंच विचारलेलं असतं, "भाई, गाम कौन सा?" तो माणूस म्हणजे आमचे सुपडू आप्पा.

विमान खोटं, माणसं खरी. मोबाइलवरचा हा खेळ तुम्ही खेळला नसाल, पण घरात कोणीतरी खेळत असेल आणि तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडली असतील. खेळ स्वतःच चार अनोळखी माणसांची चौकडी जमवून देतो. चौघांनी एका बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, बाकीच्या चौकड्यांना संपवायचं, आणि शेवटी जी उरेल ती जिंकली. पाऊण तासात सगळा निकाल. चौघांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. पण त्या आवाजात "चल", "मार", "पळ" आणि एकमेकांच्या खानदानाचा उद्धार, याखेरीज फारसं काही नसतं. यात सुपडू आप्पा उतरतात आणि म्हणतात, "पहले नाम-गाम बोलो."

आप्पा भेस्तानच्या आमच्या सोसायटीत तळमजल्याला राहतात, मी तिसऱ्या मजल्यावर. मूळचे खानदेशातले. उधन्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात उभं आयुष्य कारीगर म्हणून काढलं, आता निवृत्त. पाण्याच्या मोटरीच्या खोलीबाहेर एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे, ती त्यांची बैठक. लोकांशी हिंदीत बोलतात, दुकानदाराशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत. आणि राग आला किंवा माया दाटली की अहिराणीत. "कसाले घाई करतस रे भो?" हे त्यांचं पालुपद. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, लिफ्टलासुद्धा ते हेच म्हणतात.

मी त्यांच्या नेमका उलटा. कापड मार्केटात माल रवाना करायचं माझं काम. ट्रक सुटला की सुटला, त्यामुळे घाई माझ्या अंगात मुरली आहे. मी जेवणही उभ्याने करतो, असं बायको म्हणते. संध्याकाळी घरी आलो की जेवणाआधी एक डाव, हा माझा एकमेव शौक, आणि त्यातही मला रमतगमत खेळणारी माणसं सहन होत नाहीत.

हा खेळ आप्पांना मीच लावला, हे कबूल करतो. एकदा मोटरीच्या खोलीजवळ उभा राहून खेळत होतो. आप्पा मागून वाकून बघत होते.

"यातला हा माणूस खरा असतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् बोलतो?"

"बोलतो."

"अन् त्याचं आपल्याला ऐकू येतं? साफ?"

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी आप्पा नवा फोन आणि भलेमोठे इअरफोन घेऊन माझ्या दारात उभे होते. लूमच्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेलेले, म्हणून फोनचा आवाज कायम पूर्ण चढवलेला, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार या न्यायाने स्वतः बोलणार तेही ओरडून. पलीकडे कोणी बिचारा कानात इअरफोन घालून बसला असेल, तर त्याची काय अवस्था होत असेल, कल्पना करा.

खेळाडू म्हणून मात्र माणूस अफाट. हजारो धाग्यांतला एक तुटलेला धागा चालत्या लूमवर हेरायचा आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ मारायची, ही ज्याची जन्माची कमाई, त्याला गवतात हललेली टोपी दिसणार नाही? आप्पांचा नेम चुकत नाही. पण गोळी झाडायच्या आधी चौकशी करायची सवय नडते. एकदा एका दगडाआड शत्रू समोरासमोर आला. आप्पांनी बंदूक रोखायची सोडून त्याला नाव-गाव विचारलं. त्याला कुठलं ऐकू जायला! त्याने आप्पांना जागेवर आडवं केलं. "सांगितलं असतं तर मी मारलाच नसता त्याला," आप्पा मला नंतर अगदी मनापासून हळहळत म्हणाले.

लोक त्यांना शिव्या देतात, खेळ अर्धा सोडून पळतात. आप्पांना त्याचा राग येत नाही. प्रत्येक पळणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एक सबब तयार असते. "घरी पाणी आलं असेल बिचाऱ्याच्या." "गॅसवर दूध असेल." एकाने तर विमानातच त्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि उडी मारली. आप्पा म्हणाले, "दाढ दुखत असेल. दाढेला माणूस फार चिडतो."

एकदाच कोणीतरी उत्तर दिलं. भटिंड्याकडचा ट्रकवाला होता, गाडी दुरुस्तीला टाकून बसलेला. मग काय! बेटावरच्या एका घरात, न्हाणीघराच्या टबात दोघं लपून बसले आणि गव्हाच्या पोळीला तेल लावावं की तूप यावर चर्चा रंगली. बाहेर बाकीच्यांनी एकमेकांना मारून टाकलं. आप्पांची चौकडी दुसरी आली. त्या संध्याकाळी माझ्या डावात मी मोठ्या तडफेने पहिल्याच मिनिटाला धावून गेलो होतो आणि पहिल्याच मिनिटाला मेलो होतो. "पण चौघांतल्या दोघांनीच नाव सांगितलं," आप्पा म्हणाले. "एक तरी डाव असा व्हावा सुधाकरभाई, की चौघं एकमेकांची ओळख करून घेतील अन् मग उडी मारतील. एक डाव. मग मेलो तरी चालेल."

गंमत म्हणजे हा बोलघेवडा माणूस घरात तोंड उघडत नाही. चहा हवा तर अंगठा ओठाशी नेतात. मीठ कमी असेल तर चिमूट दाखवतात. बाजारात निघाले की दोन बोटं चालवून दाखवतात. लूमच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथे सगळे कारीगर हातवाऱ्यांनीच बोलतात, आणि ती सवय घरापर्यंत आली. अनसूयाकाकू एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "घरमा मुका, आनि फोनमा वकील!" आप्पांनी त्यावर हाताने फक्त 'पुरे' अशी खूण केली.

आता माझं पाप सांगतो. त्या खेळात माझी एक श्रेणी अडकली होती. महिनाअखेरच्या आत ती मिळवायची तर चांगला नेमबाज हवा, आणि एवढा चांगला नेमबाज तळमजल्यावर फुकट बसलेला. मी आप्पांना म्हटलं, आपण दोघं एकत्र खेळू, उरलेले दोघं खेळ देईल. आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी मला बळेच बसवून शेवेची भाजी खायला घातली. ते खुर्चीतून खेळायचे, मी माझ्या घरातून. पहिल्या दोन संध्याकाळी "पहले नाम-गाम बोलो" ऐकून माझं डोकं उठलं. तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्या नावापुढचं एक छोटं बटण दाबलं. त्या बटणाने एका माणसाचा आवाज फक्त आपल्यापुरता बंद होतो. त्याला ते कळत नाही. माझा माईक तर मी आधीपासूनच बंद ठेवायचो.

काय सांगू, खेळ असा सुधारला! मी नकाशावर खूण केलेल्या जागी आप्पा हजर. मी थांबलो की थांबायचे, वळलो की वळायचे. आवाजाशिवाय इतकं जमवून घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. कधी ते जखमी होऊन पडले तर मी धावत जाऊन उठवायचो, कारण जिवंत साथीदारांमागे गुण जास्त मिळतात. तीन आठवड्यांत माझी श्रेणी हाताशी आली. एक डाव जिंकायचा तेवढा राहिला.

त्या शेवटच्या डावाच्या दिवशी मी कामावरून येताना मुद्दाम मोटरीच्या खोलीजवळ थांबलो. आप्पांना जरा समज द्यावी म्हणून.

"आप्पा, आज चौकशा नकोत. इतक्या जणांना गाव विचारून काय करता? जायचंय का त्यांच्याकडे लग्नाला?"

आप्पा हसले. मग इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत बोलायला लागले.

"माझ्या लूमवर दुसऱ्या पाळीला प्रधान होता. ओडिशाचा. मी दिवसपाळी, तो रातपाळी. मशिनी त्याच, जागा तीच. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, तेवढीच भेट. तो दोन बोटांची कातर करून दाखवायचा, म्हणजे या मशिनीवर धागा तुटतोय. गालाला हात लावला, म्हणजे ही मशीन झोपा काढतेय. मी त्याच्यासाठी मशिनीच्या कडेला कागदात अर्धी भाकर ठेवायचो, लाल ठेचा लावून. सकाळी त्याच कागदात तो माझ्यासाठी मुरमुरे ठेवायचा. एकोणीस वर्षं, सुधाकरभाई."

"मग?"

"मग साथीची टाळेबंदी आली. कारखाना बंद. सगळे गाड्या धरून गावाला गेले, तोही गेला. कारखाना पुन्हा चालू झाला, तो काही आला नाही. कारखान्यात नोंदवलेला फोन बंद. मी शेठकडे गेलो, पत्ता विचारला. कागदावर लिहिलं होतं, प्रधान, ओडिशा. बस." आप्पांनी वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "एकोणीस वर्षं तो माझ्या जागेवर उभा राहिला अन् मी त्याच्या. त्याचा आवाज जाडा की बारीक, मला माहीत नाही. रोज वाटायचं, उद्या याला बाहेर चहाला नेऊ, नाव-गाव विचारू. रोज पाळी सुरू व्हायची. मला घरी जायची घाई, त्याला मशिनीवर जायची."

"म्हणजे तुम्ही त्याला शोधताय?"

"छे हो. तो कशाला बंदुका घेऊन खेळेल! पण माणूस बाजूला उभा राहिला की विचारून घ्यावं. राहून गेलं की राहून जातं. तुमच्या या खेळात किती छान शे, बाजूच्याचं साफ ऐकू येतं."

मी वर आलो. जिना चढताना त्या छोट्या बटणाची मला इतकी लाज वाटली की तिसऱ्या मजल्याऐवजी चौथ्यावर गेलो. घरी आलो, डाव लावला. चौकडी जमली: आप्पा, मी आणि दोन अनोळखी. विमान निघालं. मी ते बटण पुन्हा दाबलं आणि तीन आठवड्यांनी आप्पांचा आवाज कानात घुसला.

"पहले नाम-गाम बोलो भाई. मैं सुपडू, गाम खानदेश में. और ये हमारे तीसरे माले के सुधाकरभाई. ये बोलेंगे नहीं, इनका बुरा मत मानना. इनको मेरा आवाज नहीं आता."

मी गार पडलो.

"मेरे को मालूम पड़ता है," आप्पा त्यांना समजावत होते, "मैं लूम का आदमी. सामनेवाला सुनता है कि नहीं, उसके चलने से मालूम पड़ता है. उसकी कोई बात नहीं, अपने को आदत है. पर आदमी एकदम पक्का. मैं गिरता हूँ ना, तो कितना भी दूर हो, दौड़ के आता है उठाने." आणि मग आवाज जरा खाली आणून, जणू ही रोजचीच रीत असावी तसं, ते मला म्हणाले, "काय सुधाकरभाई, जेवन व्हयनं का?"

रोज विचारत असणार. तीन आठवडे, रोज, न ऐकणाऱ्या माणसाला. खाली बेट सरकत चाललं होतं. दोघा अनोळख्यांपैकी एकाने केव्हाच उडी मारली होती. मी माईक चालू केला.

"नाही आप्पा. अजून नाही झालं. तुमचं?"

इअरफोनमध्ये काही क्षण नुसती खरखर आली. मला वाटलं, यांनी फोन खाली ठेवला.

"बारीक येतो हो इथे तुमचा आवाज," आप्पा म्हणाले. "खाली भेटता तेव्हा जाडा वाटतो." आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात चौथा खेळाडू खेकसला, "अरे कूदो ना यार! पूरा मैप निकल गया. किसका इंतज़ार कर रहे हो?"

हे वाक्य माझं होतं. गेली कित्येक वर्षं मार्केटात ट्रकवाल्यांच्या कानात मीच 'किसका इंतज़ार कर रहे हो' असं ओरडत आलो होतो. माझी श्रेणी, महिन्याचा शेवटचा दिवस, सगळं मला दिसत होतं. मी म्हणालो, "भाई, पहले नाम-गाम बोलो."

तो चक्रावला असावा. मग म्हणाला, "पिंटू. बलिया से. काहे?"

"और जो कूद गया, वो?" आप्पांनी विचारलं.

"त्याच्या घरी पाणी आलं असेल," मी म्हणालो.

विमानाची हद्द संपली आणि खेळाने आम्हा तिघांना उचलून समुद्रात फेकलं. किनारा फार लांब होता. पोहत पोचेपर्यंत आम्ही मरणार हे तिघांनाही कळत होतं. पिंटू शिव्या घालत होता, पण पळून गेला नव्हता. त्याच्या शेजारून हात मारत आप्पा त्याला विचारत होते, "खाना हुआ क्या, पिंटूभाई?"