बिनचूक हाक

मुलांनो, एका जंगलात पाणवठ्याच्या काठी जांभळाचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर झिंगू वानर बसायचा. वाघ दिसला की "खॅक्! खॅक्!" ओरडायचं, एवढंच त्याचं काम. तो ओरडला की खालची चितळं पळत सुटायची.

झिंगू जरा उतावळा होता, हे खरं. नुसतं गवत हललं तरी ओरडायचा.

"अहो झिंगूभाऊजी, पाडसाला दोन घोट धड पिता येत नाहीत," ठिपकी चितळीण एकदा वैतागून म्हणाली. "जरा नीट बघून ओरडत जा की!"

तिची तक्रार हत्तीसाहेबांकडे गेली. साहेबांनी बैठक बोलावली. बैठकीला वाघोबाही आले, कारण विषय त्यांचाच होता.

"मी गुहेत झोपलेला असतो आणि हा माझ्या नावाने बोंबलतो," वाघोबा हळवे होऊन म्हणाले. "किती बदनामी सोसायची माणसाने?"

सगळ्यांना पटलं. साहेबांनी नियम केला. आधी पट्टे बघायचे, मग शेपूट. मग शेजारच्या झाडावरच्या अण्णा वानराला विचारायचं आणि मगच ओरडायचं. हाक चुकली तर झाड सोडून जायचं.

झिंगूची बायको त्याच झाडावर बाळंत झाली होती. तो मुकाट्याने "हो साहेब" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठिपकी पाडसाला घेऊन पाण्यावर आली. गवत हललं. झिंगूच्या घशाशी आलेली हाक त्याने गिळली. पट्टे दिसले. शेपूट दिसेना. अखेर शेपूटही दिसलं.

"अण्णा, वाघ ना हो?"

अण्णा शेंगा खात होते. "थांब रे, घाई कशाला? खात्री करू." त्यांनी तोंडातला घास संपवला, डोळे चोळले, निरखून पाहिलं. "हं. वाघच."

"खॅक्!" झिंगू ओरडला. हाक अगदी बिनचूक होती. खाली वाघच होता, आणि ठिपकी त्याच्या जबड्यात होती.

पाडस तेवढं निसटलं. काठावर उभं राहून ते वर बघत होतं. झिंगूला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी झिंगूचा सत्कार झाला. हार वाघोबांनी घातला.

"पण साहेब, ठिपकीवहिनी गेल्या," झिंगू रडवेला होऊन म्हणाला.

"हो ना," हत्तीसाहेब म्हणाले. "तक्रार तिचीच होती. तीही निकालात निघाली."

तात्पर्य: चुकलात तर जाब द्यावा लागतो, उशीर केलात तर हार मिळतो. म्हणून मुलांनो, उशीर करा, पण तो बिनचूक करा.