नापासकरांच्या हातची अंडी

"अंडं कसं आवडतं तुम्हाला?" हातातलं उलथनं उभं धरून नापासकरांनी विचारलं.

टेबलाशी बसलेल्या तरुणानं आधी त्यांच्या मुलीकडे पाहिलं, मग उलथन्याकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, "कसंही चालेल, काका."

झालं! इथंच माशी शिंकली.

नापासकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते बोल्टच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. बोल्टचा आटा केसभर चुकला तरी पेटीच्या पेटी परत पाठवायचे, म्हणून कामगारांनी त्यांच्या पाठीमागे हे नाव ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात आवडतही होतं. 'कसंही चालेल' हे शब्द मात्र त्यांना अजिबात खपत नसत. कारखान्यात कुणी तसं म्हणालं, की ते त्याचा माल दुप्पट बारकाईनं तपासत.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे असे. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं, पण अंडी करावीत तर त्यांनीच. अंडं खाताना माणूस उघडा पडतो, असा त्यांचा सिद्धांत होता. पिवळं आधी फोडणारा उतावळा. पिवळं शेवटपर्यंत राखून ठेवणारा चिक्कू. ऑम्लेटची घडी उलगडून आत डोकावणारा संशयी, त्याच्याशी संसार करणं कठीण. या सिद्धांतापायी मुलीची दोन स्थळं हातची गेली होती. एका बँकवाल्यानं चव न बघताच वर मीठ भुरभुरलं होतं, आणि एका प्राध्यापकानं नुसतं पांढरं खाऊन पिवळं बशीच्या कडेला सारलं होतं.

हा तिसरा. लिफ्ट दुरुस्त करायचा. मुलगी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली, तेव्हा हा दाराबाहेरून तासभर तिच्याशी गप्पा मारत बसला होता. दार उघडेपर्यंत प्रकरण बरंच पुढं गेलं होतं.

"बाबा," मुलीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "याला नापास केलंत तरी लग्न होणारच आहे. फक्त तुम्ही तिथं नसाल."

नापासकर रात्रभर कूस बदलत राहिले. एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात आपण नाही, हे चित्र त्यांना सहनच होईना. पण म्हणून तपासणी न करता माल घ्यायचा? तेही जमेना. आता हा गडी साधा प्रश्न विचारला तर म्हणतो, कसंही चालेल!

"बरं," नापासकर म्हणाले. "मग सगळ्या प्रकारांनी करतो. खा आणि सांगा."

"अहो, त्याला चहा तरी घेऊ द्या आधी," ओट्याशी उभी असलेली बायको म्हणाली.

"चहानं जिभेची चव जाते."

पहिल्यांदा उकडलेलं अंडं आलं. लिफ्टवाल्यानं ते सोललं, तेव्हा टरफलाबरोबर निम्मं पांढरंही निघून गेलं. उरलेलं त्यानं दोन घासांत संपवलं.

"कसं आहे?"

"छान!"

मग कांदा-मिरची घातलेलं ऑम्लेट. लिफ्टवाल्यानं घडीबिडी काही उलगडली नाही, सरळ कडेपासून खात आत गेला. नापासकरांनी मनात एक गुण दिला.

"आणि हे?"

"छान आहे, काका!"

मग हाफफ्राय. तव्यावर पहिलं अंडं फोडताना पिवळं फुटलं. नापासकरांनी जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' केलं, उलथन्यानं ते उचललं आणि न बघताच ओट्यावर ठेवलेल्या बायकोच्या ताटलीत टाकलं. दुसरं अंडं मात्र सुरेख उतरलं. गोल, चकचकीत, पिवळं अगदी मधोमध. ते त्यांनी लिफ्टवाल्यापुढे ठेवलं आणि श्वास रोखून बघत राहिले.

त्यानं ते पावात घालून दुमडलं आणि खाऊन टाकलं. पिवळं आधी फुटलं की नंतर, ते पावाच्या आत काही कळलंच नाही.

"छान!" तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

आता मात्र नापासकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिन्ही छान कशी असतील? उकडलेलं एक मिनिट जास्त झालं होतं, ते माझं मलाच कळत होतं. तुम्ही लिफ्टचा दोर तपासताना पण असंच 'छान' म्हणता का?"

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"नाही, दोराचं वेगळं असतं," लिफ्टवाला घाईघाईनं म्हणाला. "इथं तुम्ही एवढ्या प्रेमानं देताय..."

"प्रेमाचा इथं काय संबंध? ही तपासणी आहे!"

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं वाटलं. पण माघार कशी घ्यायची? मग त्यांनी फेटून, सतत ढवळत, मऊ शिजवलेली अंडी केली. तीही छान निघाली. शेवटी त्यांनी एक प्रकार काढला, जो त्यांनी जन्मात कधी केला नव्हता, फक्त एका मोठ्या हॉटेलात पाहिला होता. उकळत्या पाण्यात अंडं फोडून नुसतं सोडायचं. त्यांनी सोडलं. अंड्याच्या चिंध्या झाल्या, पाणी उतू गेलं, गॅस विझला आणि तो परत पेटवण्याच्या नादात पलीकडे भाजायला ठेवलेले पाव जळून कोळसा झाले. स्वयंपाकघर धुरानं भरलं. मुलगी खोकत खोकत खिडकी उघडायला धावली. अशा धुरात नापासकरांनी त्या चिंध्या झाऱ्यानं गोळा केल्या, बशीत घातल्या आणि बशी टेबलावर ठेवली.

"खा."

लिफ्टवाल्यानं बशीकडे पाहिलं. त्याचा हात हळूच पट्ट्याच्या बकलाकडे गेला. घरून निघताना आईनं 'लोकांकडे अर्धपोटी जाऊ नये' म्हणून त्याला आधीच पोटभर खायला घातलं होतं, हे फक्त मुलीला माहीत होतं. आता या बशीतून सुटका कशी करून घ्यावी, म्हणून त्यानं इकडं तिकडं पाहिलं. ओट्याशी उभं राहून मुकाट्यानं खाणारी काकू त्याला दिसली.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही पण घ्या ना हे. तुम्हाला कसं आवडतं अंडं?"

"हिला ना?" नापासकर खूश होऊन मध्येच म्हणाले. निदान एका माणसाचं उत्तर तरी पक्कं होतं. "हिला फुटलेलंच आवडतं. लग्न झाल्यापासून तेच खाते."

बायकोचा घास हातातच राहिला.

"मला? फुटलेलं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दर रविवारी तू तेच घेतेस."

"मी घेत नाही. तुम्ही टाकता माझ्या ताटलीत." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "फुटलं की माझं, करपलं की माझं. चांगली उतरतात ती तुमची नाहीतर हिची. मला वाटलं, टाकवत नसेल तुम्हाला, म्हणून मी खात राहिले."

"मग बोलायचं नाही का?"

"कधी विचारलंत?"

नापासकरांनी मुलीकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती. लिफ्टवाल्याकडे पाहिलं, तर तो बशीतल्या चिंध्या मोजत असावा तसा मान खाली घालून बसला होता. जो प्रश्न त्यांनी एका परक्या मुलाला उलथनं रोखून विचारला होता, तो या बाईला त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारला नव्हता. नापासकरांना लाज वाटली. चक्क लाज.

"कसं आवडतं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"अख्खं," ती म्हणाली. "कडा कुरकुरीत, पिवळं न फुटलेलं. आणि बसून खायला."

लिफ्टवाला ताडकन उठला आणि त्यानं आपली खुर्ची पुढे केली. नको नको म्हणत ती बसली. नापासकरांनी तवा पुसून तापत ठेवला. पहिलं अंडं फोडलं, पिवळं फुटलं. सवयीनं उलथनं ओट्यावरच्या ताटलीकडे वळलं, मध्येच थांबलं, आणि ते अंडं त्यांनी स्वतःच्या बशीत घेतलं. दुसरंही फुटलं. तेही त्यांच्याच बशीत गेलं.

"बाबा, शेवटचं राहिलंय," मुलगी म्हणाली.

"माहीत आहे मला. बोलू नकोस."

शेवटचं अंडं तव्यात उतरलं आणि अख्खं राहिलं. नापासकरांनी कडांना चमच्यानं तेल सोडलं, हलक्या हातानं ते बशीत घेतलं आणि बायकोपुढे ठेवलं.

मुलीला आता राहवेना. "बाबा, ते जाऊ द्या. याचं काय ठरलं? हो की नाही?"

"मला कशाला विचारतेस?" नापासकर पडेल आवाजात म्हणाले. "तुझ्या आईला विचार."

"थांबा," आई म्हणाली. "आधी मला खाऊ द्या."

ती सावकाश खाऊ लागली. आधी कुरकुरीत कडा, मग पांढरं, मग पिवळं. टेबलाभोवती तिघं उभी होती: मुलगी नखं खात, लिफ्टवाला पोट आवळून, आणि नापासकर हातात उलथनं धरून. आपला माल दुसऱ्याच्या हातात असला की माणसाचं काय होतं, ते त्यांना आज कळत होतं.

शेवटचा घास संपला. तिनं पावाच्या तुकड्यानं बशी पुसली, पदराला हात पुसले आणि लिफ्टवाल्याकडे पाहून हसली.

"मुलगा मला पसंत आहे. तारीख बघायला घ्या." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमचं पुढच्या रविवारी बघू."