क्ष-किरणबाईंनी भौतिकीचे पुस्तक सर केले, त्याची हकीकत

आधुनिक भौतिकी स्वतःचे बळावर शिकावी ऐसा मनसुबा करून बाईसाहेबांनी ग्रंथ कैसा निवडिला, शिकस्त कितीदा खाल्ली आणि फत्ते कैसी जाहली, याविशी आप्तमंडळींत नाना प्रवाद उठले. सबब जे घडले तेच, पदरचे काही न घालता, येथे नमूद केले असे.

बाईसाहेब म्हणजे इस्पितळाचे तळघरी एक्स-रे खात्याच्या खाशा अंमलदार. बत्तीस वर्षे "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" हा हुकूम त्यांचे मुखातून सुटे आणि भले भले धट्टेकट्टे दम रोखून उभे राहत, ऐसा दरारा. परंतु एके दिवशी मनगट मोडलेला एक शिंपी आला, आणि आपल्या हाडांची तसबीर न्याहाळून पुसता जाहला, "बाई, हे किरण येतात कुठून?"

"मशीनमधून."

"ते दिसतंय हो. पण मशीनमध्ये कुठून येतात?"

शिंपी प्लास्टर करवून निघोन गेला, परंतु सवाल तळघरीच ठाण मांडून बसला, आणि बाईंस अन्न गोड लागेना. ज्या दौलतीचा कारभार उभा जन्म केला, तिचे मूळच आपणांस ठाऊक नाही, ही शरम थोर.

मग घरी मसलत बसली. यजमानांनी अर्ज केला की व्हिडिओ पाहावेत. तो मंजूर होऊन अंमल जाहला, आणि सातव्या मिनिटास निद्रेने बाईंस गाठून पाडाव केले. मग धाकटे दीर, कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, यांजकडे कुमक मागितली. त्यांनी आठ ग्रंथांची फेहरिस्त लिहून दिली; त्यांत भौतिकी आठवी, आणि आधीची सातही गणिताची.

"पाया पक्का हवा, वहिनी. आठ-दहा वर्षांत होऊन जाईल."

"भाऊजी, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे."

"म्हणूनच म्हणतो, छंदच हवा तर दुसरं काहीतरी बघा ना."

हा शब्द काळजास लागला. बाईंनी क्रोध गिळिला, चहा पुढे केला, त्यांत साखर घालणे राहून गेले, आणि दुसरे दिवशी अर्धी रजा टाकून स्वारी सार्वजनिक ग्रंथालयावर चालोन गेली.

तेथील ग्रंथपालबाई म्हणजे करारी किल्लेदारीण. त्यांनी तीन ग्रंथ आणोन टेबलावर मांडिले. पहिला रंगीत चित्रांनी सजलेला, पानोपानी विश्वाचे नवल. परंतु चाळीस पाने लढोनही हाती काही लागेना, तोफांचे बार मोठे आणि गोळा एकही नाही. दुसरा दीरांचे फेहरिस्तीतला. त्यांत सातव्या पानापर्यंत "हे उघडच आहे" ऐसे नऊ वेळा लिहिले होते, आणि बाईंस नऊही वेळा काही उघड दिसेना. मग फौज नामोहरम होऊन बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि परत फिरावे ऐसे मनात आले.

तेव्हा त्यांस एक युक्ती सुचली. अनोळखी मुलखात ग्रंथाची पारख कैसी व्हावी? आपल्या मुलखात त्यास बोलवावे, खरे बोलतो की थापा मारतो ते पाहावे. मग प्रत्येक ग्रंथात क्ष-किरणांचा मजकूर काढिला. पहिल्यात एका हाताचे छायाचित्र आणि चार ओळी नवल. दुसऱ्यात एक सूत्र, निराधार उभे. तिसरा ग्रंथ जीर्ण, पुठ्ठा चिकटपट्टीने सांधलेला. तो सांगता जाहला की इलेक्ट्रॉन वेगाने येऊन धातूवर आदळतात, एकाएकी थबकतात, आणि त्यांची हरपलेली ऊर्जा किरण होऊन बाहेर पडते. किलोव्होल्ट जितके अधिक, तितका किरण जोरकस.

बाई थबकल्या. किलोव्होल्टची ती कळ बत्तीस वर्षे त्यांचेच हाती होती. लठ्ठ छातीस वाढवावी, लेकराच्या हातास उतरवावी, इतकेच ठाऊक. आपण रोज काय फिरवीत होतो, हे आज कळले.

खाली उदाहरण होते: सत्तर किलोव्होल्टास सर्वांत आखूड तरंगलांबी किती? बाईंनी पेन्सिल उपसली. पहिले खेपेस दशांशचिन्हाने दगा दिला, दुसरे खेपेस शून्ये फितूर जाहली, आणि तिसरे खेपेस उत्तर ग्रंथाचे शेवटी छापिलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळले. बाई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या, आणि डोळे भरून आले ते चष्म्याचे नावावर पुसले.

"हे न्यायचंय," त्या म्हणाल्या.

"अहो, एकोणीस वर्षांत कुणी नेलं नाही हे," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि शिक्का उमटविला.

सायंकाळी दीरांस वर्तमान कळोन त्यांनी फोनवर हरकत घेतली की आवृत्ती जुनी.

"माझं मशीनही जुनंच आहे, भाऊजी. हाडं बरोबर दिसतात."

दीर मग अडेल तेथे विचारा म्हणाले, आणि तह जाहला.

येणेप्रमाणे ग्रंथ हस्तगत जाहला. पृष्ठे एकंदर सातशे चाळीस. पैकी आजवर सर जाहली चार. पाचव्यावर एक समीकरण वाट अडवून आहे, आणि बाई जेवणाच्या टेबलाशी त्याचे समोर ठाण मांडून बसल्या आहेत. यजमानांनी, कोणी न सांगता, टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या नुसत्या पाहिल्या, ही गोष्टही दप्तरी दाखल असे.